नातीचे शब्द, आजोबांचं खाजन

पत्र (थोडक्यात): आमचं गाव फोंडा तालुक्यात, जुवारीच्या काठी. घरचं लहानसं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे आणि खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या सखल जमिनीत, थोडं शेत. मुलगी पणजीला कॉलेजात शिकते. ती घरी आली की तिचं आणि माझ्या सासऱ्यांचं जुंपतं. ती म्हणते, पाऊस, उकाडा, वादळं, सगळं क्लायमेट चेंजमुळे. ते म्हणतात, पूर आणि वादळं काय आजची आहेत? मग ती कार्बन फूटप्रिंट, नेट झीरो, एल निनो, दीड डिग्री असे शब्द काढते. परवा भातशेतीतून मिथेन निघतो असं म्हणाली, तेव्हा सासरे ताटावरून उठले. मला वाटायचं, ओझोनला भोक पडलंय आणि त्यातून ऊन आत येतं म्हणून गरम होतं. मुलगी म्हणाली, तेही चूक. माझं शिक्षण बारावीपर्यंत, मराठीतून. मुलीला विचारायची लाज वाटते. दोघांत बरोबर कोण, आणि हे शब्द मला समजतील असे सांगाल का?
– एक वाचक, फोंडा तालुका

ताई,

आधी लाजेचं बोलू. हा गोंधळ तुमच्या शिक्षणाचा नाही, आपल्या शब्दांचा आहे. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि दरवर्षी मुलं याच ठिकाणी अडखळायची. ‘आज हवामान ढगाळ राहील’ म्हणतानाही आपण हवामान म्हणतो आणि ‘हवामान बदल’ म्हणतानाही हवामानच. मग कुणालाही वाटणार, काल ढग होते, आज ऊन पडलं, बदललं हवामान, त्यात एवढं काय?

तुम्ही मे महिन्यात पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरता ना? सुकी मासळी, सोलां, मिरच्या, तांदूळ, चुलीसाठी नारळाची सोडणं आणि लाकडं. ते भरताना तुम्ही आभाळाकडे बघत नाही. बाहेर ऊन रखरखत असतं, तरी मिरग लागला की पाऊस येणार आणि पुढचे चार महिने काही वाळणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. ते ठाऊक असणं म्हणजे क्लायमेट. आणि जूनमधल्या एखाद्या सकाळी बाजारात जाताना छत्री घ्यावी का, हे ठरवायला दारात उभं राहून जे बघता ते वेदर. माझ्या पुरतं मी वेदरला ‘हवा’ म्हणते आणि क्लायमेटला ‘हवामान’. छत्रीचा निर्णय रोज वेगळा असतो. पुरुमेताचा निर्णय तुमच्या सासूबाईंनी घेतला तसाच तुम्हीही घेता. हवामान बदल म्हणजे या पुरुमेताचा हिशेब चुकायला लागणं: मिरग कोरडा जाणं, काजूच्या मोहरावर पाऊस पडणं, ऑक्टोबर संपला तरी भात कापायला उघडीप न मिळणं. असं एकदा झालं तर ती हवा. होतच राहिलं तर हवामान.

किती वर्षं झालं म्हणजे ‘होतच राहिलं’ म्हणायचं? जागतिक हवामान संघटना तीस वर्षांची सरासरी धरते. सध्याची 1991 ते 2020 ची आहे. तुमच्या सासऱ्यांच्या डोक्यात साठ वर्षांचा पाऊस असेल तर तशा दोन सरासऱ्या त्यांच्याजवळ आहेत. नातीने ती शिदोरी वाया घालवू नये.

आता बरोबर कोण? मूळ गोष्टीत मुलगी बरोबर आहे, आणि ‘सगळं’ या एका शब्दात ती चुकते. पूर पूर्वीही यायचे, वादळंही यायची. पण उधाणाचं घ्या. पुनवेला आणि अमावास्येला नदीला उधाण येतं, ते तुमच्या पणजोबांच्या काळीही यायचं. समजा नदीची नेहमीची पातळीच वीतभर वर आली. उधाण तेवढंच, चंद्र तोच, पण जे पाणी पूर्वी बांधाच्या टोकाखाली थांबायचं ते आता बांधावरून आत येईल. या पाण्याला काय म्हणाल, जुनं उधाण की नवा बदल? दोन्ही. तापमानवाढ बहुतेक वेळा अशीच जुन्या गोष्टीच्या पाठीवर बसून येते.

पावसाचंही तसंच. हवा एक डिग्रीने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते. म्हणजे ढग फुटला की ओतायला जास्त पाणी असतं. वर्षभराचा पाऊस फारसा न वाढताही एका दिवसाचा पाऊस झोडपून काढू शकतो, आणि मधले दिवस कोरडे जातात. 2021 च्या जुलैत सत्तरीत, डिचोलीत म्हादईचं पाणी घरांत शिरलं, ते एकट्या तापमानवाढीने आणलं असं मी म्हणणार नाही. नदीकाठची बांधकामं, डोंगरउतार कापणं हेही बघावं लागतं. त्याच वर्षी 16 मे रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले होते, आठवतं? चक्रीवादळाला बळ मिळतं ते समुद्राच्या उबेतून, आणि हिंदी महासागराचा वरचा थर 1951 ते 2015 या काळात सुमारे एक डिग्रीने तापला आहे. एखाद्या घटनेत या जादा उष्णतेचा हात किती, हे काढायची रीतही आता आहे. तापलेली पृथ्वी आणि न तापलेली पृथ्वी अशा दोन्ही संगणकात उभ्या करून तसा पाऊस कुठे किती वेळा पडतो ते मोजतात. याला ॲट्रिब्युशन म्हणतात. त्यातून उत्तर येतं ते ‘इतक्या पटीने शक्यता वाढली’ असं. ‘हो’ किंवा ‘नाही’ असं येत नाही. हे मुलीला नक्की सांगा.

एल निनोच्या बाबतीत मात्र तिला थांबवा. एल निनो म्हणजे हवामान बदल नव्हे. दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या लक्षात आलं की काही वर्षं नाताळाच्या सुमारास समुद्राचं पाणी गरम होतं आणि मासळी नाहीशी होते. नाताळाचे दिवस म्हणून त्यांनी नाव दिलं ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू. दोन ते सात वर्षांनी येणारी ही प्रशांत महासागराची आपली लय आहे, आणि ती आली की आपला मान्सून बहुधा लंगडतो. 2023 साली एल निनो होता, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. तिची बहीण ला निना, तिच्यात पाणी थंड होतं आणि पाऊस बहुधा चांगला होतो. या दोघी हजारो वर्षं येतजात आहेत. फरक एवढाच, की आता त्या आधीच तापलेल्या समुद्रावर येतात.

तुमच्या ओझोनबद्दल. ओझोनचा थर वर आभाळात सूर्याचे अतिनील किरण अडवतो, ज्यांनी कातडीचा कर्करोग होतो. जुन्या फ्रिजमधल्या आणि फवाऱ्याच्या डब्यांतल्या वायूंनी तो अंटार्क्टिकावर विरळ झाला. 1987 साली मॉन्ट्रियलमध्ये करार झाला, ते वायू बंद होत गेले, आणि तो थर हळूहळू भरून येतो आहे. ते दुखणं वेगळं, हे वेगळं. आपली उष्णता भोकातून आत येत नाही. आत आलेली बाहेर जात नाही, हा प्रश्न आहे.

ती कशी अडकते, हे तुम्ही अंगणात बसून अनुभवलं आहे. डिसेंबरात आभाळ निरभ्र असतं, दिवसा ऊन चांगलं पडतं, तरी पहाटे घोंगडं लागतं. मेच्या शेवटी दिवसभर ढग, ऊन बेताचं, पण रात्री पंख्याखालीही घामाच्या धारा. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडत असते. डिसेंबरात ती निघून जाते. मे महिन्यात हवेतली वाफ आणि ढग ती शोषून पुन्हा खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हेच काम वर्षभर, रात्रंदिवस करतात. त्यांना हरितगृह वायू म्हणतात. या नावातल्या ‘हरित’चा या वायूंशी थेट संबंध नाही. थंड देशांत झाडं काचेच्या घरात वाढवतात, त्याचं हे नाव. हे वायू मुळात शत्रूही नव्हेत. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 डिग्री असतं, आज ते 15 च्या आसपास आहे. पांघरूण हवंच आहे. आपण त्यावर दुसरं, तिसरं घालत सुटलो आहोत.

ही नवी कल्पना नाही. 1856 साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईने काचेची नळकांडी घेतली, वेगवेगळे वायू भरले, आत थर्मामीटर घातले आणि उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं आणि सावलीत आणल्यावर निवायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. असा वायू हवेत वाढला तर पृथ्वी तापेल, हेही तिने तेव्हाच लिहून ठेवलं. मला या बाईचा फार अभिमान वाटतो.

सासरे विचारतील, हा वायू हवेत आहे तरी किती? दहा लाख भागांत 420 च्या थोडा वर. कारखाने आणि आगगाड्या येण्याआधी 280 होता. एवढ्याशाने काय होतं, असं वाटलं तर धोतराला नीळ घालताना बघा. बादलीभर पाण्यात चिमूटभर नीळ, आणि पाणी निळं.

आता ‘उत्सर्जन’ आणि ‘नेट झीरो’. हे शब्द मी तुम्हाला तुमच्या खाजनातच दाखवते, कारण माझं लहानपण जुवारीच्या पलीकडच्या काठावर मामाच्या घरी गेलं. रात्री ओहोटीच्या वेळी मामा कंदील घेऊन मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, जायचा आणि मी मागे मागे. मानशीचं दार तुम्ही रोज बघता, म्हणून त्यातली अक्कल कदाचित नजरेत येत नसेल. भरतीला नदीचं पाणी बाहेरून दाराला रेटतं, दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला बाहेर ढकलतं, दार आपोआप उघडतं. बहुतेक वेळा हातही लावावा लागत नाही. दार उघडताना आधी लाकूड करकरायचं, मग पाण्याचा जाड आवाज यायचा, आणि लावलेल्या जाळ्यात सुंगटं उड्या मारायची. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पावसाळ्यात खाजनात वरून पाऊस पडतो, डोंगराकडून ओहोळ येतात. मानशीतून पाणी बाहेर जातं. आत येणारं पाणी म्हणजे उत्सर्जन. मानस म्हणजे जंगलं आणि समुद्र, जे कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. यालाच कार्बन सिंक म्हणतात. आणि शेतात साठलेलं पाणी म्हणजे हवेतलं प्रमाण. आज माणूस जेवढा वायू सोडतो त्यातला साधारण निम्माच ही मानस बाहेर काढते. बाकीचा साठतो. म्हणून ‘यंदा उत्सर्जन थोडं घटलं’ अशी बातमी आली, तरी हवेतला वायू घटला असा अर्थ होत नाही. ओहोळ थोडा रोडावला, पण अजून मानशीच्या ताकदीपेक्षा मोठाच आहे. शेतातलं पाणी चढतंच आहे, जरा सावकाश एवढंच.

माणसाने आत सोडलेलं पाणी आणि माणसाने स्वतः मुद्दाम बाहेर काढलेलं पाणी सारखं झालं की नेट झीरो, मराठीत निव्वळ शून्य. त्या दिवशी पाणी चढायचं थांबतं, पण उतरतं ते फार सावकाश. भारताने हे 2070 पर्यंत साधायचं असं 2021 साली ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केलं. एखादी कंपनी ‘आम्ही नेट झीरो’ म्हणाली तर तिला दोन प्रश्न विचारायचे: ओहोळ किती कमी केलात, आणि मानस किती वाढवलीत? पुष्कळदा ओहोळ तसाच असतो आणि कुठे तरी रोपं लावल्याचा दाखला दाखवला जातो. याला ऑफसेट म्हणतात. रोप आज लावलं तर त्याचं झाड व्हायला वीस-तीस वर्षं जातात, आणि ते तोवर टिकलं तर. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, तेव्हा झाडांत साठलेला कार्बन चार दिवसांत कसा परत जातो ते आपण धुरातच पाहिलं.

‘कार्बन फूटप्रिंट’ म्हणजे तुमच्या वाट्याचा ओहोळ. एक लीटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, पण ते जळल्यावर सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसा? पेट्रोलमधला प्रत्येक कार्बन हवेतले दोन ऑक्सिजन धरतो, वजन तिथून येतं. स्कूटरवरून फोंड्याला जाऊन येताना हा हिशेब एकदा करून बघा. मात्र याचं ओझं मनावर घेऊ नका. भारतातल्या माणसामागे वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास पडतो, अमेरिकेतल्या माणसामागे चौदाच्या आसपास. पंप, दिवे आणि मिक्सर चालवणाऱ्या बाईने स्वतःला गुन्हेगार समजावं असं त्यात काही नाही. ‘क्लायमेट जस्टिस’, हवामान न्याय, हा शब्द याच आकड्यांतून आला: ज्यांनी भाजलं त्यांना चटका कमी, ज्यांनी नाही भाजलं त्यांना जास्त.

मुलीने तुमच्या चुलीवरही बोट ठेवलं असेल तर एक भेद तिला समजावा. सोडणात आणि लाकडात जो कार्बन आहे तो झाडाने गेल्या काही वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो. झाडं पुन्हा वाढत राहिली तर तो फिरत राहतो. कोळसा आणि पेट्रोल यांतला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता, तो वर काढला की फिरणाऱ्या साठ्यात नवी भर पडते. चुलीचा धूर तुमच्या छातीला वाईट आहे, म्हणून ती कमी करा. पृथ्वी तुमच्या सोडणांनी तापलेली नाही.

आता मिथेन, ज्यावरून सासरे ताटावरून उठले. माहिती खरी आहे. शेतात पाणी साचून राहिलं की चिखलात हवा पोचत नाही, आणि तिथले जिवाणू मिथेन सोडतात. गोबर गॅसच्या टाकीत हेच होतं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो, पण तो हवेत बाराएक वर्षंच टिकतो. म्हणजे त्याची कळ तीव्र आणि आटोपशीर, तर कार्बन डायऑक्साइड शतकं रेंगाळतो. पण ही माहिती आजोबांच्या ताटात भात वाढलेला असताना, त्यांच्या आयुष्याच्या कष्टावर ठपका ठेवल्यासारखी सांगायची नसते. ज्याने चिखलात उभं राहून घर चालवलं त्याला ‘तुमचं शेत प्रदूषण करतं’ एवढंच ऐकू येतं. मुलीला मिथेनवर काही करायचंच असेल तर घरचा ओला कचरा सुक्यात मिसळू देऊ नये. कचऱ्याच्या ढिगात दबलेल्या भाजी-मासळीतूनही हाच वायू निघतो. तोच कचरा वेगळा दिला तर साळगावच्या प्रकल्पात त्या वायूवर वीज होते.

‘दीड डिग्री’ हा आकडा ऐकून हसू येतं, कारण आपल्या स्वयंपाकघरात आणि पडवीतच तेवढा फरक असतो. पण हा सगळ्या पृथ्वीचा, सगळ्या ऋतूंचा, दिवसरात्रीचा सरासरी आकडा आहे, आणि तो 1850 ते 1900 या काळाच्या तुलनेत मोजतात. वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात हीच सरासरी आजच्यापेक्षा सहाएक डिग्रींनीच कमी होती. तेवढ्यानं समुद्र सुमारे 120 मीटर खाली होता, आणि गोव्याचा किनारा कितीतरी किलोमीटर पश्चिमेला. 2015 साली पॅरिसमध्ये देशांनी ठरवलं की वाढ दोन डिग्रींच्या बरीच खाली ठेवायची आणि दीडवर रोखायचा प्रयत्न करायचा. 2024 हे एक वर्ष दीडच्या किंचित वर गेलं. करारातली मर्यादा बऱ्याच वर्षांच्या सरासरीची असल्यामुळे ती मोडली असं अजून म्हणत नाहीत. पण काठावर पाय आहे.

उकाड्याचं एक सांगते, कारण आपल्याकडे नुसतं डिग्री बघून फसायला होतं. मैदानी भागात 40 डिग्री झाल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाहीत. किनाऱ्यासाठी 37 ही रेषा आहे, आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्री तरी जास्त हवं. सोलापूरचा माणूस म्हणेल, एवढ्यात काय होतं? त्याच्याकडे माठातलं पाणी गार होतं, आपल्याकडे मे महिन्यात होत नाही. दमट हवेत माठाचा घाम सुकत नाही, तसाच आपलाही. हे मोजायला थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळतात, त्या आकड्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. तो 35 ला पोचला तर धडधाकट माणसालाही सावलीत बसून अंग थंड ठेवता येत नाही. नारळ काढणाऱ्या पाडेलीला दुपारी माडावर चढवू नका, एवढं तरी यातून घ्या.

पुन्हा खाजनाकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकतो. समुद्र दोन कारणांनी चढतो. पाणी तापलं की फुगतं, आणि जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात येतो. पाण्यात तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी वाढत नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा वितळू द्या, थेंब सांडणार नाही. 1901 ते 2018 मध्ये जगभरची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली, आणि हल्लीचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरच्या आसपास आहे. दहा वर्षांत दोन बोटं. दोन बोटांनी काय होतं? मानशीचं दार ओहोटीतच उघडतं. नदी दोन बोटं वर आली की ओहोटीलाही ती तेवढी कमी उतरते. दार उशिरा उघडतं, लवकर मिटतं. आतलं पावसाचं पाणी निचरायला मिळणारा वेळ घटतो. त्याच दिवसांत पाऊस झोडपणारा असला तर भात पाण्याखाली जास्त तास राहतं. समुद्र बांधावरून उडी मारून येईल असं आपण समजतो. तो आधी मानशीच्या वेळापत्रकात शिरतो.

‘फीडबॅक’ आणि ‘टिपिंग पॉइंट’ हे शब्द बांधावरच कळतात. कुर्ल्या मातीत बिळं करतात. बीळ लहान असतं तेव्हा चिखलाचा एक गोळा पुरतो. नाही बुजवलं तर वाहतं पाणी माती नेतं, भोक मोठं होतं, मोठ्या भोकातून जास्त पाणी, ते आणखी माती नेतं. हा फीडबॅक. उत्तर ध्रुवाचा पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो वितळला की खालचं काळं पाणी ऊन पितं, आणखी तापतं, आणखी बर्फ वितळतो, तीच चाल. मग एका रात्री भगदाड पडतं आणि कितीही गोळे टाका, बांध उभा राहत नाही. हा टिपिंग पॉइंट, मी त्याला कडेलोट म्हणते.

भगदाड पडून खारं पाणी आत राहिलं की दोन-चार वर्षांत शेतात खारफुटी उगवते. खारफुटी म्हणजे कार्बनची मोठी मानस, तिच्या मुळांशी चिखलात तो दीर्घकाळ गाडला जातो, लाटांचा मारही ती अडवते. मुलगी ते बघून खूश होईल. पण तुमच्या सासऱ्यांना तिथे हातचं गेलेलं शेत दिसतं, आणि एकदा ती वाढली की परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. माझं मत विचाराल तर नदीच्या बाजूला, बांधाच्या बाहेर खारफुटी हवीच, बांधाचा पायाही ती धरून ठेवते. बांधाच्या आत भात हवं. शेत पडीक ठेवून उगवलेली खारफुटी हा निसर्गाचा विजय म्हणून मिरवला जातो, तेव्हा मला वाईट वाटतं.

इथेच ‘मिटिगेशन’ आणि ‘ॲडाप्टेशन’चा फरक येतो. पुस्तकात त्यांना शमन आणि अनुकूलन म्हणतात. अग्निशमन दलातलं शमन लक्षात ठेवा: आग मुळातच कमी करणं. सौर पंप, कोळशाची वीज घटवणं, कदंबाची सरकारी बस चांगली चालवणं, हे शमन. आणि आग लागलीच आहे तर घर वाचवणं ते अनुकूलन: बांधाला वेळेवर माती घालणं, मानशीची फळी बदलणं, खारं पाणी सोसणारं कोरगुट भात टिकवणं. आजोबांनी जन्मभर जे केलं त्याला त्यांच्या नातीच्या पुस्तकात अनुकूलन म्हणतात. हे तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगा.

सासऱ्यांचा एक आक्षेप राहिला असेल: शास्त्रज्ञच ‘शक्यता आहे’ म्हणतात, म्हणजे त्यांनाच ठाऊक नाही. 1988 साली स्थापन झालेली आयपीसीसी ही संस्था जगभरचं संशोधन तपासून अहवाल काढते, आणि तिच्या शब्दांची मापं ठरलेली आहेत. ‘शक्य’ म्हणजे शंभरात किमान 66, ‘अतिशय शक्य’ म्हणजे किमान 90. 2021 च्या अहवालात माणसामुळे पृथ्वी तापली याबद्दल मात्र शक्यतेचा शब्दच नाही. तिथे ‘निर्विवाद’ म्हटलं आहे.

आता घरातलं. पुढच्या पुनवेला मुलगी घरी असेल असं बघा आणि दोघांना मानशीवर पाठवा. तिने वही न्यावी: दार किती वाजता उघडलं, किती वाजता मिटलं, त्या दिवशी पाऊस होता का. अमावास्येला पुन्हा. आजोबांनी सांगायचं, त्यांच्या तरुणपणी पाणी मानशीच्या खांबावर कुठवर यायचं, आणि तिने तिथे खूण करायची. तिला मोबाईलवर मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळेल. पण ते बंदराचं आहे. नदीतून वर तुमच्या मानशीपर्यंत पाणी चढायला किती वेळ लागतो, ते तिला आजोबांनाच विचारावं लागेल.